भंगारवाल्याकडे भाव करताना आणि नंबर प्लेटचा हट्ट सोडताना

आमचा धंदा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा. घरी चार बायका भाकऱ्या थापतात, मी गाडीत डबे भरून सोलापुरातली दुकानं करते आणि आठवड्यातून दोनदा अक्कलकोट, तुळजापूर. गाडी 2014 ची वॅगनआर, एमएच 13 पासिंगची, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. अशा गाडीला शोरूममधलं नवंकोरं सामान घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला रेशमी झूल. म्हणून आरसा, स्पीकर, डिस्क (म्हणजे चाकाची लोखंडी रिम), हेडलाइट, जे काय लागेल ते मी जुन्यात बघते.

हे खातं माझ्याकडे आलं ते मिस्टरांमुळे. त्यांना भाव करायची लाज वाटते. समोरचा दोन हजार म्हणाला की ते पाकीट काढतात आणि वर थँक्यू म्हणतात. पहिल्या वर्षी त्यांनी एका व्हील कॅपचे जेवढे दिले, तेवढ्यात मला पुढे चारचा संच मिळाला. त्या दिवसापासून ते गाडीत बसून राहतात आणि मी आत जाते.

मी लहान असताना आजोबांबरोबर गड्ड्याच्या जनावर बाजारात जायचे. गड्डा म्हणजे जानेवारीतली सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीची थंडी, आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करणार. सगळं पब्लिक त्या रुमालाकडे बघायचं. पण आजोबांचा सौदा रुमाल पडायच्या आधीच झालेला असायचा. ते बैलाचं तोंड उघडून दात बघायचे, चार पावलं चालवायचे, खुराला हात लावायचे. दोन दाती आहे का चार दाती, का जुळलाय, म्हणजे सगळे दात येऊन वय झालंय, हे कळलं की रुमालाखाली काय करायचं ते बोटांना आपोआप कळायचं. जुन्या गाडीच्या सामानाचंही तेच आहे. तोंडानं भाव पाडणारे पुष्कळ बघितले. त्यांना पन्नास-शंभर सुटतात. वस्तू हातात घेऊन तिची खोड दाखवता आली तर हजार सुटतात, आणि दुकानदार वर मान देतो तो वेगळाच.

तर आधी पिशवी. माझ्या पिशवीत पाच गोष्टी असतात: शिवणाचा नव्हे, लोखंडी टेप, एक दीड व्होल्टचा सेल आणि त्याला दोन वायरचे तुकडे, फ्रीजवरचं एक लोहचुंबक, छोटा टॉर्च, आणि आपल्या गाडीच्या जुन्या वस्तूचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो, पुढून, मागून आणि जिथं ती बसते त्या जागेचा. मागून काढलेला फोटो सगळ्यात कामाचा, कारण पुढून सगळे हेडलाइट सारखेच दिसतात, फरक मागच्या कानांत आणि सॉकेटमध्ये असतो.

दुसरं, नव्याचा भाव आधी काढा. फोनवर बघा आणि गावातल्या एका नव्या सामानाच्या दुकानात तोंडी विचारा, दोन्ही. माझा हिशोब असा: लोखंड आणि काच नव्याच्या निम्म्यापर्यंत, टायर आणि इलेक्ट्रिकचं सामान एक तृतीयांशाच्या वर नाही. हा काही शास्त्रातला नियम नाही, माझा आहे. पण आकडा मनात पक्का असला की समोरच्याच्या पहिल्या आकड्यानं पोटात गोळा येत नाही.

वेळ सकाळची, दहा-साडेदहा. दुकान नुकतं उघडलेलं, उदबत्तीचा वास अजून आहे, आणि भवानी व्हायची आहे. भवानीचं गिऱ्हाइक रिकाम्या हातानं गेलेलं कुणालाच आवडत नाही. पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. भवानीला भाव ठरला की मागं फिरायचं नाही. ठरवून मग "बघते, सांगते" म्हणून निघालात तर त्या दुकानात तुम्हाला परत खुर्ची मिळणार नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी जाऊ नका. पारा 42 च्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड हातात धरवत नाही, आणि उन्हानं वैतागलेला माणूस भाव उतरवत नाही, चढवतो. रमजानमध्ये संध्याकाळी इफ्तारच्या तोंडावर तर नाहीच नाही. ती माणुसकीची गोष्ट आहे.

भाषेचं एक सांगते, कारण सोलापुरात हे चालतं तसं दुसरीकडे चालणार नाही. पूर्व भागात दुकानदार तेलुगू असेल तर "एंता?" विचारून सुरुवात करा आणि शेवटी "तग्गिंचंडी" म्हणा, म्हणजे कमी करा. कन्नड बोलणारा असला तर "एष्टु?" आणि "कडिमे माडी". उच्चार चुकला तरी चालतो, उलट चुकला की तो हसतो आणि हसलेला माणूस निम्मा आपला. उर्दूवाल्या चाचांशी मी साधं मराठीच बोलते, ते मला "नक्को ताई, इत्ते में नहीं आता" म्हणतात, आणि मी "येतंय की ओ, बघा तरी" म्हणते. कुणी कुणाची भाषा बदलायला जात नाही.

आता एक सौदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते. 2024 चा पावसाळा. तुळजापूरच्या रस्त्यावर खड्ड्यात डिस्क वाकली आणि स्टेपनी तर आधीच गुळगुळीत. मला हवी होती 14 इंचाची डिस्क आणि तिच्यावर बरा टायर. नव्यात दोन्ही मिळून पाच-सहा हजारांचं काम.

जुन्या सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या चाचांनी पोराला हाक मारली. पोरानं ढिगातून एक डिस्क ओढून काढली, टायरसकट, आणि माझ्या पायाशी आपटली.

"अठ्ठावीसशे. पीस बघा ताई, पीस."

मी भावावर बोललेच नाही. पहिल्या आकड्याला उत्तर द्यायचं नसतं. "जास्त होतंय" असंही म्हणायचं नाही, कारण मग बोलणं अठ्ठावीसच्या भोवतीच फिरत राहतं. टेप काढली. चार भोकांच्या डिस्कमध्ये समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. वॅगनआर, स्विफ्टला ते 100 मिलिमीटर भरलं पाहिजे. इथं भरलं 114.

"चाचा, ही माझ्या गाडीची नाही."

चाचांनी पोराकडे बघितलं, पोरानं छताकडे. दुसरी डिस्क आली. ती बरोबर 100. मधलं मोठं भोकही मोजलं, 54. हे भोक लहान असेल तर डिस्क बसतच नाही, आणि फार मोठं असेल तर ती नुसत्या नटांवर राहते आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. पाच भोकांची डिस्क असेल तर समोरासमोर भोकच येत नाही. तिथं शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजून 1.7 नं गुणायचं. ब्रेझा, क्रेटाला उत्तर 114 च्या आसपास यायला हवं.

मग टायर. टायरच्या बाजूवर लांबलचक अक्षरांच्या शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. हेच त्याचे दात. माझ्या टायरवर होतं 2218, म्हणजे 2018 सालातला 22 वा आठवडा. चौकट टायरच्या एकाच बाजूला असते, आणि ती नेमकी भिंतीकडे करून ठेवायची कला सगळ्यांना येते. म्हणून टायर उलटून बघायचाच.

"सहा वर्षं झाली चाचा. हा पुरता जुळलाय."

"ताई, तुम्ही टायर बघायलात का बैल?"

दुकानातली दोघं-तिघं हसली. मी टॉर्च मारून खाचांमध्ये बघितलं. खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी असते. खाचेची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की ती पट्टी वरच्या रबराच्या पातळीला येते, आणि तिथं टायरचं आयुष्य कायद्यानंही संपतं. याच्यात अजून निम्मी नक्षी होती. दुसरं बघायचं ते खाचेच्या कडा. कारखान्यातली खाच गुळगुळीत आणि तळाशी गोलसर असते. कुणी गुळगुळीत टायरला गरम पातीनं खाचा कोरून वर काळं पॉलिश मारलं असेल तर कड चाकूनं कापल्यासारखी लागते आणि ती आडवी पट्टी गायब असते. असा टायर फुकट दिला तरी घेऊ नका. हा तसा नव्हता. बाजूच्या रबरावर मात्र कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा सुरू झालेल्या.

आता भाव. एकत्र वस्तूचा भाव नेहमी फोडायचा.

"डिस्कचे बाराशे देते. टायरचे दोनशे."

"दोनशेत चप्पल येत नाही ताई!"

"चप्पल नवी असते."

"पंचवीसशे शेवट."

पहिला शेवट हा शेवट नसतो. माझ्या अनुभवात शेवट तीनदा येतो. यावर काही बोलायचं नाही. मी डिस्कवरची माती पुसत बसले. चहा आला, चहा घेतला. चहा घेतला म्हणजे वस्तू घ्यावीच लागते असं काही नसतं, पण चहा नाकारला तर भाव तिथंच गोठतो. मग दोन हजार झाला, तो दुसरा शेवट. मी उठले, "येते मी" म्हणाले, आणि खरंच निघाले. हे नाटक म्हणून करायचं असेल तर करू नका. पायरी उतरेपर्यंत हाक आली नाही तर तो भाव खरा होता असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी निमूट जाऊन घ्यायचं. मला हाक आली, फाटकापाशी. सतराशेला ठरलं. वर मी म्हटलं, चाचा, फिटिंग तुमचं आणि नट चांगले बघून द्या. भाव ठरल्यावर मागितलेली ही छोटी गोष्ट सहसा कुणी नाकारत नाही, आणि भावाच्या आधी मागितली तर तिचेच दोनशे लावतात. पैसे मी आधीच दोन ठिकाणी ठेवलेले: पर्समध्ये पंधराशे, कमरेच्या पाकिटात बाकीचे. क्यूआर कोड सगळीकडे लागलेत, पण मुठीतल्या नोटा दिसल्या की माणूस जरा लवकर मान हलवतो.

मॅगव्हीलला, म्हणजे ॲलॉयच्या चकचकीत चाकाला, हे सगळं आहेच, शिवाय चीर. माझ्या दिरानं चार मॅगव्हीलचा संच घेतला, नुसती चमक बघून. त्यातलं एक आतून वेल्डिंग केलेलं निघालं. बॅलन्सिंगवाल्यानं मशीनवर फिरवून दाखवलं तेव्हा कळलं, चाक लंगड्यासारखं डुलत होतं. घ्यायच्या आधी चाक बोटावर किंवा दांडक्यावर टांगून पान्यानं हलकं टोकायचं. चांगलं असेल तर देवळातल्या घंटेसारखं लांबत जातं, चिरलेलं असेल तर फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. आतल्या बाजूला, जिथं ब्रेक असतात तिकडून, टॉर्च मारून वेल्डिंगची फुगलेली रेघ शोधायची. बाहेरून रंग दिलेला असतो, आतून कुणी कष्ट घेत नाही. चुंबक चिकटलं तर ते मॅगव्हील नाही, लोखंडी डिस्कवर कॅप लावलेली आहे. हसू नका, विकायला आलेली बघितली आहे मी.

स्पीकर सेलवर तपासायचे. दोन वायरी स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर लावायच्या: टक असा आवाज येतो आणि कागद पुढं किंवा मागं सरकतो. काहीच झालं नाही तर आतली कॉइल जळलेली. मग दोन्ही हातांची बोटं कागदावर सारखी टेकवून हळूच दाबायचं. खरखर लागली की कॉइल घासते आहे, आणि असा स्पीकर लहान आवाजात गोड आणि मोठ्या आवाजात फाटका. बफरला, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरला, कडेचा फोम नखानं दाबून बघा, तो जुना झाला की भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. हे दाखवून दिलं की स्पीकरवाल्याशी भाव करावाच लागत नाही, तोच खाली येतो.

हेडलाइटचे मागचे कान मोजा; तुटलेल्या कानाला एमसील लावून वर काळा रंग मारलेला असतो. पिवळी पडलेली काच टूथपेस्टनं घासून चकाचक करून ठेवतात, ती चमक काही महिन्यांची. कुशन, म्हणजे सीट कव्हर, जुनं घेऊ नका, दुसऱ्याचा घाम कशाला? पायपुसण्या तर मुळीच नाही. दुसऱ्या गाडीची सरकून ब्रेकखाली जाते. सीट बेल्ट, एअरबॅग आणि ब्रेकचं सामान जुन्यात बघायचंसुद्धा नाही. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड कितीही स्वस्त मिळाला तरी नको, 2017 च्या डिसेंबरात केंद्रानं त्यावर बंदी आणली आणि म्हणूनच तो ढिगात पडलाय.

गाडीतल्या गाण्यांच्या टेपच्या बाबतीत मी स्वतः फसले आहे. मोठ्या पडद्याचा, एका गाडीतून काढलेला कंपनीचा सेट. बावीसशेला घेतला, वाटलं लॉटरी लागली. घरी मेस्त्रीनं जोडला, पडदा उजळला आणि कोड मागत बसला. चार चुकीचे कोड टाकल्यावर तर तासभर काही ऐकेनाच. दुकानदार म्हणाला, "चालू होता की ओ, तुमच्याच वायरिंगचा घोळ असेल." पैसे गेले. तेव्हापासून सेट दुकानातच त्यांच्या बॅटरीवर लावून, गाणं वाजवून, बटण बंद करून, बॅटरीची तार काढून पुन्हा लावून बघते. कोड मागायचा असेल तर तार काढल्यावरच मागतो.

त्या सेटच्या मागच्या वायरी कापलेल्या होत्या, आणि ते मी तेव्हा बघूनही बघितलं नाही. शांतपणे काढलेल्या सेटला सॉकेट शाबूत असतं. वायरी कातरलेल्या असतील तर कुणीतरी घाईत होतं. अपघाती गाडी तोडणाऱ्यांकडेही कधी वायर कापतात, पण शंका घ्यायचीच. चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हा, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 411 होतं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 317. म्हणून हजाराच्या वर काही घेतलं की मी साध्या कागदावर का होईना, दुकानाचा शिक्का, तारीख, वस्तू आणि "लागलं नाही तर तीन दिवसांत परत" एवढं लिहून घेते. जो लिहून देत नाही त्याचा भाव कितीही खाली आला तरी मी खाली वाकत नाही.

आता नंबर प्लेट. इथं माझी हुशारी कशी आपटली ते ऐका.

दिराच्या गाडीचे शेवटचे चार आकडे 4141. ज्यांना माहीत आहे त्यांना हसू आलं असेल. चार जरा वाकवला, एक जरा लांबवला, वर रेघ ओढली की झालं "दादा". तसाच 8055 चा बॉस. दीर माझ्याकडे आला, "वहिनी, रेडियमवाला सहाशे म्हणतोय, चल की." गेले. रेडियमवाल्याचं दुकान दोन बाय चारचं, भिंतीवर नमुने लटकलेले. मी म्हटलं, ॲक्रिलिक किती, रेडियम किती, कटिंग किती, फोडून सांग. पोरगं गडबडलं. साडेतीनशेला दोन्ही प्लेट. दीर खूश, मी तर त्याहून. आठवड्यात सात रस्त्याजवळ गाडी अडवली आणि पाचशेची पावती फाडली. अडीचशे वाचवून पाचशे घालवले, शिवाय प्लेटचे साडेतीनशे पाण्यात. पुन्हा सापडलात तर पंधराशे, हे त्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 177.

तेव्हा मी नियम नीट वाचला. नंबर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच हवा. देवनागरीत लिहिलेली प्लेटही चालत नाही, मराठीचा अभिमान कितीही असो. चारचाकीला अक्षराची उंची 65 मिलिमीटर, जाडी 10, मधलं अंतर 10. आकडा वाकवायचा नाही, प्लेटवर नाव, चित्र, झेंडा काही नाही. म्हणजे रेडियमवाल्याकडे जो भाव करायचा तो मुळात करायचाच नाही.

आणि आता तर तो प्रश्नच मिटला. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीतूनच येते, आणि त्याआधीच्या गाड्यांना राज्यानं ती सक्तीची केली. मुदत आधी 31 मार्च 2025 होती, मग ती पुढं सरकत गेली आणि तिच्याबरोबर आमच्या गल्लीतले लोकही. मी माझ्या 2014 च्या गाडीची लावून घेतली. चारचाकीला 745 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 879. दुचाकीला 450 अधिक जीएसटी, 531. हा भाव ठरलेला आहे. बाहेर एक जण पंधराशे मागत होता, "तुम्हाला रांग नको ताई." मी सवयीनं तोंड उघडलं, म्हटलं बाराशे. मग लक्षात आलं की मी 879 च्या वस्तूचा भाव बाराशेपर्यंत पाडून खूश होणार होते. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून स्वतः नोंदवा: गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे आणि मोबाइल, एवढंच लागतं. हे आकडे आरसी बुकवर असतात. दिवस आणि केंद्र आपणच निवडायचं.

लावून घेताना बघा: डाव्या बाजूला वर निळं अशोकचक्राचं होलोग्राम, 20 मिलिमीटर चौरस, डावीकडेच निळ्यात आयएनडी, डाव्या कोपऱ्यात खाली लेझरनं कोरलेला दहा आकडी क्रमांक. अक्षरं उठावाची, बोटाला लागतात. प्लेट स्क्रूनं नाही, एकदाच बसणाऱ्या लॉकनं ठोकतात. काढली तर लॉक मोडतं. पुढच्या काचेला आतून एक स्टिकर मिळतो, तो मागून घ्या. रेडियमवाल्याकडे याच्यासारखी दिसणारी नक्कल मिळते, तीनशे-चारशेत. तिला ना कोरलेला क्रमांक असतो, ना ते लॉक. केंद्रावर प्लेटवर ॲक्रिलिकची काच आणि क्रोमची फ्रेम गळ्यात घालायला बघतात. काच नकोच, होलोग्राम आणि आकडे झाकले जातात. मी दोन्हीला हात जोडले.

ज्यांना आकड्याचीच हौस आहे त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे, आरटीओचा चॉइस नंबर. पण तिथं भाव होत नाही, होतो तो उलटा, वर जाणारा. फी ठरलेली; एकाच नंबरवर दोघं-तिघं आले तर ज्याच्या बंद पाकिटात जास्त रक्कम, त्याचा नंबर. 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्यानं दर वाढवले तेव्हा चारचाकीच्या 0001 ची फी तीन लाखांवरून पाच लाख झाली, मोठ्या शहरांत त्याहून जास्त. 0009, 9999, 0786 असल्या नंबरांना अडीच लाख. म्हणून माझा सल्ला, नव्या सिरीजच्या सुरुवातीला जा आणि तुमच्या घरी अर्थ असलेला पण बाजारात अर्थ नसलेला आकडा मागा. मुलीची जन्मतारीख, जुन्या स्कूटरचा नंबर. जो आकडा दुसऱ्या कुणालाच नको असतो तो मागताना पाकिटाची वेळ येत नाही.

जुनी गाडी घेताना मात्र हौशी नंबरवर भाव करा, आणि चांगला करा. विकणारा म्हणतो, "नंबर व्हीआयपी आहे, त्याचे चाळीस हजार वेगळे." त्यानं ते आरटीओला भरले, तो त्याचा खर्च. तुम्हाला त्या आकड्याचं कौतुक नसेल तर त्याची किंमत तुमच्यापुरती शून्य, आणि हे हसत सांगता येतं: "काका, नंबर तुम्ही ठेवा, गाडी मला द्या." नंबर वेगळा काढून ठेवणं त्याला इतकं सोपं नसतं, हे त्यालाही माहीत असतं. आणि हो, गाडी अकलूजच्या एमएच 45 ची असो की आपल्या 13 ची, एकाच जिल्ह्यातली आहे. पासिंगवरून भाव पाडायला जाऊ नका, तिथं तुम्ही कच्चे दिसाल.

दिराच्या गाडीला आता सरळ 4141 आहे, दादा गेला. त्यानं मागच्या काचेच्या कोपऱ्यात "हर्र बोला हर्र" हा सिद्धेश्वराच्या यात्रेतला जयघोष लावून घेतला आहे, बोटभर. तो स्टिकर साठ रुपयांचा होता. मी चाळीसला आणला.

परवा चाचांचा फोन आला. "ताई, तुमच्या गाडीचा डावा आरसा आलाय, एकदम कडक पीस. नऊशे." माझा डावा आरसा गेले दोन महिने चिकटपट्टीवर आहे हे त्यांना माहीत आहे, त्यांच्याच पोरानं ती चिकटपट्टी लावली. मी म्हटलं, बघते. काल परत फोन आला, आठशे. मी सोमवारी सकाळी जाणार आहे, उदबत्ती विझायच्या आत.